विचारून गेलो तो मैल

शिव्या खाणं हे माझं काम आहे. नेमणूकपत्रात तसं लिहिलेलं नाही, तिथे 'वाटेच्या वापराचं व्यवस्थापन' असं काहीतरी साळसूद लिहिलंय. पण रोज घडतं ते हेच. इथे इंग्रजांच्या मुलखात नदीकाठाने जाणाऱ्या लांबच लांब राष्ट्रीय पायवाटेचा मेडनहेडच्या वरच्या अंगाचा एक तुकडा आमच्या ऑफिसकडे आहे. त्या तुकड्यावर कुणी पायी जायचं, कुणी सायकल न्यायची, कुणी घोडा न्यायचा आणि कुणी गपगुमान मागे वळायचं, हे सांगणारी बाई म्हणजे मी.

खांबाखांबावर बाण काढलेल्या गोल डिस्क असतात. पिवळी म्हणजे फक्त पायी. निळी म्हणजे पायी, सायकल आणि घोडा. पांढरी म्हणजे हक्क कुणाचाच नाही, जमीनमालकाने मोठ्या मनाने येऊ दिलंय, त्याचं मन फिरलं की वाट बंद. इतकं सोपं आहे. पण चाळिशीच्या पुढचा सुशिक्षित माणूस हेल्मेट घालून सायकलवर बसला की त्याला पिवळा रंग दिसेनासा होतो. हा माझा नऊ वर्षांचा अनुभव आहे.

चालणारे मेल पाठवतात की सायकलवाल्यांना आवरा. सायकलवाले तोंडावर विचारतात, तू कोण मला सांगणार? एकदा एका घोड्यावरच्या बाईंनी, घोड्यावरूनच, मला ऐकवलं की तुमच्याकडे तर गाईसुद्धा रस्त्यावर फिरतात म्हणे, मग इथेच एवढे नियम कसले? मी म्हटलं, हो फिरतात, आणि त्या मला बघून निदान बाजूला तरी होतात. त्यांनी माझी तक्रार केली. साहेबांनी मला बोलावून 'टोन' या विषयावर वीस मिनिटं समजावलं. मी मान हलवली. टोन काही बदलला नाही.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच की परवानगी आणि हक्क यांतला फरक जिला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येईल, अशी ही बाई आहे. आणि त्याच बाईने आपल्या नवऱ्याचा एक मैल स्वतःच्या हाताने घालवला.

आम्ही या गावात आलो त्याला बावीस वर्षं झाली. नवऱ्याची नोकरी स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटजवळ, मी तेव्हा घरीच. आमच्या गल्लीतून नदीकडे गेलं की पायवाट लागते. डावीकडे ती निळी, उजवीकडे बोटी वरखाली करणाऱ्या पाण्याच्या दरवाजांच्या, लॉकच्या, पुढेही निळी, आणि मध्ये एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या शेतातून जाणारा नेमका एक मैल पिवळा. म्हणजे सायकलवाल्याने मैलभर उतरून ढकलत न्यायची. ढकलत कुणी नेत नव्हतं. सगळे बिनधास्त चालवत जायचे, म्हातारा ट्रॅक्टरवरून बघायचा आणि काही बोलायचा नाही.

आम्हाला मात्र ते जमेना. परक्याच्या शेतातून न विचारता कसं जायचं? पुण्यात कुणाच्या अंगणातून सुद्धा 'काकू, इकडून जाऊ का हो?' असं विचारल्याशिवाय आम्ही पाऊल टाकलं नव्हतं. पहिल्या दिवाळीला मी फराळ केला, मोठ्या स्टीलच्या डब्यात चकल्या, शंकरपाळे, चिवडा आणि बेसनाचे लाडू भरले, आणि आम्ही दोघं जाऊन त्याच्या दारात उभे राहिलो. म्हटलं, आम्ही नवीन आहोत, तुमच्या शेतातून सायकलने जातो, चालेल ना? म्हातारा आमच्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, जा की, इतक्या वर्षांत विचारणारे तुम्हीच पहिले.

मला काय आनंद झाला! घरी येईपर्यंत मी नवऱ्याला दहादा सांगितलं असेल, बघ, विचारलं की कुणी नाही म्हणत नाही.

मग ते दरवर्षीचंच झालं. दिवाळी आली की म्हाताऱ्याचा डबा आधी भरायचा. सोबत एक कार्ड. त्यात मी दरवर्षी इमानेइतबारे लिहायचे, 'तुमच्या शेतातून सायकलने जाऊ देता त्याबद्दल मनापासून आभार, पुढच्या वर्षीही जाऊ द्याल ही आशा.' आपल्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत, हे मी पहिल्याच वर्षी त्याला हसत हसत सांगितलं होतं. तेव्हापासून डबा परत यायचा तो प्लमने भरून, कधी अंड्यांनी, एकदा तर नुसत्या घेवड्याच्या शेंगांनी. शंकरपाळे त्याला सगळ्यात जास्त आवडायचे. त्यांना तो 'चौकोनी बिस्किटं' म्हणायचा.

पुढे आमचा रविवारचा ग्रुप जमला. नऊ-दहा मराठी घरं, कुणी मेडनहेडचं, कुणी स्लाऊचं, एक जोडपं ईलिंगहून गाडीच्या मागे सायकली लादून यायचं. पिवळी डिस्क बघून पहिल्यांदा सगळे उतरले, तेव्हा मीच ऐटीत सांगितलं, चला रे, बसा सायकलवर, मी परवानगी काढून ठेवलीये सगळ्यांची! त्या वर्षीपासून कार्डावर सगळ्यांच्या सह्या घ्यायला लागले. पोरांच्या सुद्धा.

नऊ वर्षांपूर्वी मला ही नोकरी लागली आणि तिसऱ्या की चौथ्या दिवशी ट्रेनिंगमध्ये मला तो कायदा कळला. वीस वर्षं लोक उघडपणे, धाकदपटशा न करता आणि कुणाची परवानगी न घेता एखाद्या वाटेने गेले आणि मालकाने अडवलं नाही, तर तसं जाणं लोकांचा हक्क होतो. कायमचा. मालक बदलला, पिढी बदलली, तरी तो जात नाही. पण विचारून गेलं असेल, तर शंभर वर्षं गेलात तरी तुम्ही पाहुणेच. मी शिकवणाऱ्या बाईंना दोनदा विचारलं, म्हणजे जो उद्धटपणे घुसतो त्याला हक्क आणि जो सभ्यपणे विचारतो त्याला काहीच नाही? त्या म्हणाल्या, थोडक्यात हो.

मी हसले होते तेव्हा. आणि त्या दिवाळीलाही डबा घेऊन गेले. आता काय, इतक्या वर्षांनी म्हाताऱ्याला सांगायचं की तुझा फराळ बंद, कारण कायदा असा असा आहे? कुठल्या तोंडाने सांगितलं असतं! शिवाय म्हातारा होता, खमका होता, आणि मला वाटायचं की तो आहे तोवर आहेच.

पाच वर्षांपूर्वी नवऱ्याला पार्किन्सन्स निघाला. आधी हात थरथरायचा, मग चाल गेली. दारात उभा राहिला की पाय जमिनीला चिकटायचे, पुढे पडायचेच नाहीत. मी मागून 'चल ना रे, चल ना' करत राहायचे आणि तो घामाघूम. त्याच्या फिजिओने एक दिवस त्याला तीन चाकी सायकलवर बसवलं. मोठ्या माणसांची ट्रायसिकल, मागे दोन चाकं. आणि काय सांगू, जो माणूस स्वयंपाकघरातून हॉलमध्ये येताना तीनदा अडकायचा, तो पेडल मारत सरळ पार्किंगच्या टोकापर्यंत गेला आणि वळून परत आला. फिजिओ म्हणाली, असं होतं काहींच्या बाबतीत, पाय चालणं विसरतात पण पेडल मारणं विसरत नाहीत. मी तिथे सगळ्यांसमोर रडले. तो म्हणाला, रडतेस काय, बाजूला हो, अजून एक चक्कर मारतो.

ट्रायसिकल रुंद असते. आमच्या रस्त्यावरून गाड्या ज्या वेगाने जातात त्यात ती चालवणं म्हणजे जिवाशी खेळ. गल्लीच्या डावीकडची निळी वाट पुढे लगेच चढ घेते, तो त्याला झेपायचा नाही. राहिला म्हाताऱ्याच्या शेतातला तो मैल. सपाट, घट्ट जमीन, एका बाजूला नदी, आणि पलीकडे लॉकपाशी चहाची टपरी. रोज सकाळी तो जायचा, टपरीवर चहा प्यायचा आणि परत यायचा. जाताना म्हातारा दिसला तर हात वर करायचा. दिवसातले ते दोन तास तो आजारी नसायचा. घरात व्यायामाची सायकल आणून बघितली, भिंतीकडे तोंड करून. आठव्या दिवशी तिच्यावर टॉवेल वाळायला लागले.

दोन हिवाळ्यांपूर्वी म्हातारा गेला. त्या दिवाळीचा डबा त्याच्याकडेच राहिला होता. मी मागायला गेले नाही, सुतकाच्या घरी डबा कुठे मागायचा. शेत पुतण्याकडे आलं. वसंतात एका सकाळी नवरा नेहमीपेक्षा लवकर परत आला आणि ट्रायसिकलवरून उतरलाच नाही. नुसता दारात बसून राहिला. म्हणाला, फाटकाला साखळी लावलीये.

मी तशीच चपला घालून गेले. मोठ्या फाटकाला जाड साखळी, कुलूप आणि नवाकोरा बोर्ड. 'फक्त पायी. सायकलला बंदी.' बाजूचं चालणाऱ्यांचं छोटं वळणाचं फाटक उघडं होतं. ते बंद करता येत नाही हे त्यालाही ठाऊक. नुसती सायकल असेल तर मागच्या चाकावर उभी करून त्यातून काढता येते. ट्रायसिकल नाही निघत. म्हणजे साखळीने बाकी सगळ्यांची फक्त थोडी गैरसोय झाली, आणि बंदी झाली ती एकट्या माझ्या नवऱ्याला.

पुतण्या शेतातच होता. पन्नाशीचा, स्वच्छ बूट, हातात टॅबलेट. मी नमस्कार-चमत्कार न करता सुरुवात केली. तो शांतपणे ऐकत होता, आणि त्याचा तो शांतपणाच माझ्या डोक्यात गेला. म्हणाला, तुम्हीच ना त्या पायवाटेच्या ऑफिसातल्या? मग तुम्हाला माहीतच असेल की इथे सायकलचा हक्क नाहीये. पिवळी डिस्क तुमच्याच लोकांनी ठोकलीये. आणि तुमच्या मिस्टरांना बॅटरीवरची मोबिलिटी स्कूटर घेता येईल की. ती पायवाटेवर चालते, ती त्या छोट्या फाटकातून जात नसेल तर मी फाटक रुंद करून देतो.

अंगाचा नुसता भडका उडाला माझ्या. स्कूटरवर पाय काय करतात? नुसते ठेवलेले असतात! ते मला त्याला इंग्रजीत नीट सांगता येईना, रागात माझं इंग्रजी नेहमीच दगा देतं. मी मराठीत 'मेल्या' म्हणाले आणि परत आले.

ऑफिसात गेले आणि म्हटलं, वीस वर्षं लोक इथून सायकलने जातायत, हक्काचा दावा दाखल झाला पाहिजे. साहेब म्हणाले, दाखल कर, पण तू एक रहिवासी म्हणून. फाईल दुसऱ्याकडे जाईल, तू त्या खोलीत पाऊलही टाकायचं नाही. मान्य होतं मला. साक्षीचे फॉर्म घेऊन मी घरोघर हिंडले. आमच्या रविवारच्या ग्रुपने एका आठवड्यात नऊ फॉर्म भरून दिले. वीस-वीस वर्षांचे साक्षीदार, तारखांसकट फोटो. एवढी भक्कम साक्ष आमच्या ऑफिसने कधी बघितली नसेल.

बाहेरचे साक्षीदार मिळवताना मात्र नाक घासावं लागलं. गल्लीच्या टोकाला एक निवृत्त पोस्टमन राहतो. आडदांड, तोंडाने फाटका. जिथे पिवळी डिस्क, तिथे हा सायकलवर हजर. मागच्याच वर्षी मी त्याला दुसऱ्या एका पिवळ्या तुकड्यावर अडवून लेखी ताकीद दिली होती आणि त्याने ती माझ्यासमोर फाडली होती. त्याच्या दारात मी फॉर्म घेऊन उभी. तो पोट धरून हसला. म्हणाला, परत सांग, परत सांग, मी बेकायदा सायकल चालवली याचं तुला सर्टिफिकेट हवंय? मी दात-ओठ खात हो म्हटलं. त्याने दारातच उभं राहून फॉर्म भरला. 'कधी परवानगी मागितली होती का?' या प्रश्नापुढे त्याने कागद फाटेल इतक्या जोरात लिहिलं, 'आयुष्यात कुणाचीच नाही.'

माझा स्वतःचा फॉर्म स्वयंपाकघराच्या टेबलावर चार दिवस पडून होता. त्याच प्रश्नाशी येऊन थांबला होता. म्हातारा गेलेला. त्याची बायको आधीच गेलेली. दारात आम्ही दोघं उभे होतो, हे माहीत असलेलं जगात कोण उरलं होतं? मी आणि नवरा. एका शब्दाचा प्रश्न होता. मी पेन उचललं, 'नाही' लिहायला.

"काय लिहितेस?" त्याने विचारलं.

"तुला काय करायचंय? चहा पी."

"बावीस डबे दिलेस तू त्याला. ते काय वाऱ्यावर गेले?"

"गेले! तुला त्या साखळीच्या पलीकडे जायचंय की नाही?"

"जायचंय," तो म्हणाला. आताशा त्याचा आवाज बारीक झालाय, आणि त्यामुळे त्याच्याशी भांडताना मीच बेशरम वाटते. "पण रोज सकाळी जाताना मी हात कुणाला दाखवायचो ते आठवेल मला."

संताप आला मला त्याचा. ज्याच्यासाठी करायचं तोच आडवा येतो! मी फॉर्मवर 'हो, विचारलं होतं' असं लिहिलं आणि पेन असं आपटलं की त्याचं टोपण फ्रीजखाली गेलं. मनात हिशेब एवढाच होता की माझी आणि त्याची साक्ष बाद होईल, ग्रुपचे बाकीचे नऊ आणि बाहेरचे तीन-चार आहेतच. त्यांनी कुणी म्हाताऱ्याच्या दारात जाऊन कधी विचारलं नव्हतं.

पुढे कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, एका बैठकीत दोन्ही बाजूंचं ऐकून घेतलं. मी मागे पब्लिकच्या खुर्चीत बसले होते, नवरा शेजारी, आणि आमचा रविवारचा ग्रुप ओळीने. पुतण्याची पाळी आली तेव्हा त्याने पायाशी ठेवलेली पिशवी उचलली आणि त्यातून माझा डबा काढला.

माझा डबा! झाकणावर माझ्या आईने कोरून घेतलेली अक्षरं, बाजूला पोचा. मला एक क्षण वाटलं की तो परत करायला आणलाय. वेडीच मी. त्याने टेबलावर ठेवून झाकण उघडलं. आत माझी सगळी कार्डं होती. दिवाळीची, पणत्यांची, रांगोळीची, एका वर्षी दुकानात काही मिळालं नाही म्हणून पोराने क्रेयॉनने काढलेलं सुद्धा. म्हाताऱ्याने एकही टाकलं नव्हतं. डबा रिकामा परत द्यायचा नाही म्हणून की काय, त्याने त्यात हेच भरून ठेवलं होतं.

पुतण्याने एकेक कार्ड उघडून वाचलं. चढ्या आवाजात नाही, सावकाश, नीट. 'तुमच्या शेतातून आम्हा सगळ्यांना सायकलने जाऊ देता त्याबद्दल मनापासून आभार. पुढच्या वर्षीही जाऊ द्याल ही आशा.' आणि खाली सह्या. ईलिंगच्या जोडप्याची. स्लाऊच्या माझ्या मैत्रिणीची, तिच्या दोन मुलींची. सगळ्यांची. ज्यांनी ज्यांनी फॉर्मवर लिहिलं होतं की आम्ही कधी परवानगी घेतली नाही, त्या प्रत्येकाची सही त्या डब्यात होती, कारण मी पेन घेऊन त्यांच्या मागे लागले होते.

कुणी माझ्याकडे बघितलं नाही. नवऱ्याचा हात थरथरत होता तो मी धरून ठेवला, म्हणजे लोकांना वाटावं की थरथर त्याचीच आहे.

दावा फेटाळला. उरलेल्या तीन-चार साक्षींवर, त्यात पोस्टमनची एक, तो उभा राहिला नाही. बाहेर पार्किंगमध्ये माझी स्लाऊची मैत्रीण म्हणाली, "अगं, निदान आम्हाला सांगायचंस तरी! खोटे पडलो ना आम्ही सगळे. माझी मुलगी वकिलीचं शिकतेय, तिची सही आहे त्यावर." मी माफ कर म्हटलं. तिने केलं नाही. अजून फोन उचलत नाही. तिचंही बरोबर आहे, पण मला तिचाही राग येतो. परवानगी काढून ठेवलीये म्हटल्यावर टुणकन सायकलवर बसताना बरं वाटलं होतं सगळ्यांना. पोस्टमन सायकल घेऊन माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, फार सभ्य तुम्ही लोक, हाच घोळ आहे तुमचा. त्यावर त्याला चार सुनावाव्यात असं वाटलं, पण आधी नवऱ्याला गाडीत बसवलं. दुसऱ्या दिवशी तो छोट्या फाटकातून सायकल काढून त्याच मैलावरून गेला, नेहमीसारखा.

त्या उन्हाळ्यात नवरा झपाट्याने उतरला. सकाळी अंघोळ करून, बूट घालून, खिडकीशी बसायचा. मी म्हणायचे, चल तुला गाडीने दुसरीकडे नेते, ट्रायसिकल मागे बांधू. एकदा नेलं, दीड तास बांधाबांधीत गेला आणि पोचेपर्यंत त्याच्या गोळीचा असर उतरला होता. परत नेलं नाही. घरात मी ताटं आपटायचे, ऑफिसात सायकलवाल्यांवर डाफरायचे. ज्या दिवशी एका तरुण पोरीला मी पिवळ्या तुकड्यावरून उतरवलं आणि ती सॉरी म्हणाली, त्या दिवशी मी तिलाच ओरडले की सॉरी कशाला म्हणतेस. ती घाबरून निघून गेली.

दिवाळीच्या आधी मी चकलीची भाजणी काढत होते, मुलगा येणार होता म्हणून. नवऱ्याने एक कागद माझ्यापुढे सरकवला. त्याचं अक्षर आता मुंगीएवढं झालंय, आजारच तसा आहे, ओळ सुरू होते तेव्हा वाचता येते आणि शेवटाला नुसत्या टिंबांची रांग. मी चष्मा शोधला. तो अर्ज होता. पुतण्याच्या नावे. 'मला आपल्या शेतातून तीन चाकी सायकल नेण्याची परवानगी मिळावी, ही विनंती.'

"मी नाही नेणार हा," मी म्हटलं. "मेले तरी त्याच्या दारात जाणार नाही. विचारून विचारून तर सगळं गेलं!"

"हक्क गेला," तो म्हणाला. "मला हक्क कुठे हवाय? मला टपरीवर चहा प्यायला जायचंय."

"आणि माझा मान?"

"तू गाडीतच बस."

बसले असते तर! त्याला दारापर्यंत धरून कोण नेणार होतं? गेलो दोघं. फराळ नेला नाही, तेवढा हट्ट मी सोडला नाही. पुतण्याने दार उघडलं. बावीस वर्षांपूर्वी आम्ही ज्या पायरीवर उभे होतो त्याच पायरीवर उभे होतो, फक्त आता नवऱ्याचा अर्धा भार माझ्या खांद्यावर होता आणि त्याचे पाय तिथेच चिकटले होते. पुतण्याने कागद घेतला, उजेडाकडे धरला, शेवटपर्यंत वाचला. वेळ लागला त्याला. मी त्याच्या बुटांकडे बघत होते.

मग तो म्हणाला, "माझं भांडण तुमच्याशी कधीच नव्हतं. मला फक्त कायमचं कुणाला काही द्यायचं नव्हतं. तुम्ही आधीच विचारलं असतं तर तेव्हाच दिली असती."

आधीच विचारलं असतं तर! माझ्या तोंडात अस्सल पुणेरी उत्तर आलं होतं. नवऱ्याने माझं मनगट दाबलं.

"कुलपाची चावी देतो," पुतण्या म्हणाला. "लेखी देऊ. मुदत किती घालू? पाच वर्षं ठीक आहेत?"

"एक," नवरा म्हणाला.

पुतण्याला वाटलं, याला नीट ऐकू आलं नाही. "पाच घालायला माझी हरकत नाही. दरवर्षी यायला नको तुम्हाला."

"नको. एकच."

त्याने एक वर्ष लिहिलं, सही केली, चावी दिली. आत जाऊन माझा डबा आणला आणि मला दिला. रिकामा होता. कार्डं कौन्सिलच्या फाईलला लागलीयेत म्हणाला.

नवऱ्याला गाडीत बसवलं, त्याचे पाय एकेक करून उचलून आत ठेवले, पट्टा लावला. माझ्या जागेवर येऊन बसले आणि दार लावताक्षणी फुटले. "अरे पाच देत होता! स्वतःहून देत होता! मला इथे नाक घासायला लावलंस आणि मागितलंस काय, तर एक? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

तो समोरच्या फाटकाकडे बघत होता. चावी त्याच्या मांडीवर होती, हाताबरोबर हलत होती.

"उरलेली चार घेऊन मी काय करू गं?" तो म्हणाला.

मी गाडी सुरू केली आणि घरी येईपर्यंत त्याच्याशी भांडत राहिले.